कागद खालून वाचणारी अक्का

अक्का, आपलं भांडण अर्धंच राहिलंय. तू गेलीस त्याला दीड महिना झाला. लोक म्हणतात, आता विसर. विसरू कसं? निम्मं भांडण माझ्याकडं पडून आहे आणि निम्मं तू घेऊन गेलीस.

आधी बातमी सांगतो. आशूचं नाव घरी बसवायच्या यादीत आलं. तुझी वैमानिक लेक पंधरा दिवसांपासून बिनपगारी घरी बसलीय, तुझ्या पत्र्याच्या घरात, तुझ्या लोखंडी खाटेवर. परवा तिनं भाकरी केल्या. मी म्हणलं, छान झाल्यात. तिनं माझ्याकडं अशी नजर टाकली की मी ताटात बघायला लागलो. ती नजर तुझी होती. विमान चालवायला शिकली, इंग्रजी बोलायला शिकली, पण मामा खोटं बोलतोय हे ओळखणं तिनं तुझ्याकडूनच उचललंय.

बाकी ठीक आहे. म्हणजे ठीक नाही. शेजारच्या काकू रोज विचारतात, "आशे, सुट्टी कवा संपायची?" चौकातल्या हॉटेलवर एक जण म्हणाला, एवढ्या पगाराच्या माणसाला दोन-चार महिन्यांनी काय होतंय. आपल्या गावच्या पुढाऱ्यांनी तर खांद्यावर हात ठेवून सांगितलं, "काळजी करू नका मास्तर, मुंबईला विमानतळावर आपला माणूस हाय, एक फोन लावतो." त्यांनी खरंच लावला. माणूसही खरा निघाला. तो तिथं गाड्यांच्या पार्किंगवर आहे. आणि मी मास्तर नाही, हेडक्लार्क आहे, हे गेली तेवीस वर्षं मी त्यांना सांगतोय, पण ते जाऊ दे.

हेडक्लार्क म्हणजे वाचणारा माणूस, अशी माझी माझ्याबद्दल समजूत. वडवणीत शाळेच्या कचेरीत बसून मी आख्ख्या पाहुणेमंडळींचे कागद वाचले. कुणाची नोटीस, कुणाचा फेरफार, कुणाच्या सुनेच्या माहेरहून आलेली वकिलाची चिठ्ठी. मी चष्मा पुसायचो, खाकरायचो आणि वरून सुरुवात करायचो. सगळे गप्प ऐकायचे. तू सोडून.

"दत्ता, खालून वाच."

तुझ्या या सवयीला मी किती हसलो. लग्नाची पत्रिका आली तरी तू म्हणायचीस, खाली काय लिवलंय? मी म्हणायचो, कृपया आहेर आणू नये. "बग. कामाचं तेवढंच हाय." माझ्या बदलीचा आदेश आला तेव्हाही तू आधी तळ विचारलास. तळाला प्रती कुणाकुणाला पाठवल्या त्यांची नावं होती. ती ऐकून तू म्हणालीस, "म्हंजे तुझ्या आधी ह्या चौघांना माहीत व्हतं, आन चौघं काल तुझ्याच घरी चहा पिऊन गेले." मी त्या दिवशीही हसलो होतो. चौघांपैकी एकाला तर मी दोनदा चहा पाजला होता.

सवय लागली कशी, हे आशूला मी आत्ता या पंधरा दिवसांत सांगितलं. तुझा ऊसतोडीचा दुसरा का तिसरा सीझन. कराराचा कागद एका शिकलेल्या माणसानं टोळीला वाचून दाखवला, वरून. राहायला जागा, सरपण, बैलांना उसाचं वाढं, सगळं गोड गोड. खाली आल्यावर तो म्हणाला, बाकी नेहमीचंच आहे. तुम्ही सह्या-अंगठे दिले. त्या नेहमीच्यात लिहिलं होतं की गरज पडली तर टोळी दुसऱ्या कारखान्याला हलवता येईल. ते तुला कळलं ट्रकमध्ये उभी असताना, चूल, भांडी, पोरं आणि कोंबडीसकट, ज्या गावाचं नाव कधी ऐकलं नव्हतं तिकडं जाताना. पुढं तूच टोळीची मुकादम झालीस, बाईमाणूस मुकादम म्हणून लोक बघायला यायचे, आणि कारखान्याच्या ऑफिसात टेबलावर कागद आला की तू तो उलटा करून शेवटच्या पानावर बोट ठेवायचीस. वाचता येत नव्हतं तरी. समोरचा बाबू लगेच घसा साफ करायचा. त्याच्यावरून तुला कळायचं, बोट बरोबर पडलं.

तर तो दुपारचा प्रसंग. आशू दोन दिवसांसाठी आली होती. तिच्या कंपनीनं वैमानिकांपुढं करार ठेवला होता. मी तो शाळेच्या प्रिंटरवर काढून आणला, शाळेच्याच कागदावर, हे कुणाला सांगू नको. सहा पानं. तू शेडखाली तूर पाखडत होतीस. मी खुर्ची ओढली, चष्मा पुसला.

म्हणलं, कंपनी अडचणीत आहे. इंजिनं मिळत नाहीत म्हणून बरीच विमानं नुसती उभी आहेत. म्हणून दोन वर्षं सगळ्या वैमानिकांनी पगार कमी घ्यायचा, महिन्याला उड्डाणाचे जेवढे तास नक्की मिळतात तेवढेही कमी करून घ्यायचे. संघटनेचं मतदान आहे. हो म्हणलं तर कुणाला घरी बसवणार नाहीत. नाही म्हणलं तर ज्येष्ठतेच्या यादीच्या तळापासून माणसं बिनपगारी घरी. आणि आपली आशू तळाशी आहे.

सुपातले खडे वेचता वेचता तू म्हणालीस, "बैल आजारी पडला तर गाडीवान घरी कावून?"

आशू हसली. मी नाही हसलो. मला गंभीर प्रसंगी गंभीर राहायची हौस आहे.

"आन खाली काय लिवलंय?"

"खाली नेहमीचंच आहे, अक्का."

तू सूप खाली ठेवलंस. त्याचा आवाज मला अजून ऐकू येतो. "तेच म्हणला व्हता त्यो बी. वाच."

वाचलं. तळाशी होतं, की या सवलतींच्या बदल्यात कंपनी कोणत्याही वैमानिकाला घरी न पाठवण्याचा शक्य तितका प्रयत्न करील.

"प्रयत्न," तू म्हणालीस. "मुकादम प्रयत्न करतो म्हणला की समजायचं, न्हाई. मी मुकादम व्हते, मला सांगतो? पाठवणार न्हाई, असं लिवून दे म्हणावं. मग दोन घास कमी खाऊ समदे. न्हाईतर आशे, तू न्हाई म्हण."

आशू म्हणाली, "आई, मी नाही म्हणले तर पयलं मलाच पाठवतील."

"हो म्हणलीस तरी पाठवतील. फरक एवढाच, तवा तुझी सही असंल."

मग तू पातीचं काढलंस. मला ते पाठ होतं, पण आशू नेहमीसारखी ऐकत राहिली, कारण गोष्ट तिच्या जन्माची. उसाच्या फडात एकेका कोयत्याला, म्हणजे नवराबायकोच्या जोडीला, सरींचा एक पट्टा तोडायला मिळतो, ती त्यांची पात. पात मागं पडली तर खाडा लागतो, मजुरी कापतात. आशू झाली ती फडाच्या कडेच्या पाचटाच्या कोपीत, ऐन सीझनमध्ये. दाजी एकटे पडले. तेव्हा टोळीतल्या तेरा जोड्यांनी आपापली पात उरकून तुझ्या पातीतल्या दोन-दोन सऱ्या रोज ओढल्या, अकरा दिवस. कुणी कुणाला सांगितलं नव्हतं. पुढं-मागं चालणारे सगळे एका ओळीत आले की मगच जेवायला बसायचं, अशी तुमची रीत. "पुढच्यानं मागच्याची पात धरायची. तुमच्यात वरचे सायेब लोक हायेत ना, यादीत वर? त्यांनी तळातल्या पोरांची पात धरावी. त्यांचं त्यांनी ठरवावं, कंपनीच्या कागदाव कावून?"

आशू म्हणाली, "आई, तिथं असं नसतं."

"मग शिकवा की."

इथं मी तोंड उघडलं. घरात एवढा सुजाण माणूस असताना एक बाई सूप घेऊन विमान कंपनीचा करार सोडवतीय, हे मला सहन झालं नसावं. मी म्हणलं, नोकरी धरून ठेवायची वेळ आहे, तत्त्वं सांगायची नाही. तू म्हणालीस, तत्त्व न्हाई, मी खालची ओळ सांगती. मी म्हणलं, प्रत्येक करारात असं लिहितात. तू म्हणालीस, म्हणून तर. मग मी ते बोललो.

"अक्का, तुला काय कळतंय त्यातलं? विमान आहे ते, ऊस नाही."

तू सूप उचललंस. तूर आधीच निवडून झाली होती, तरी तू परत पाखडायला लागलीस. मी चहा न घेता निघालो, मोठ्या तोऱ्यात, आणि गाडीची चावी खुर्चीवर विसरलो. परत यावं लागलं. तू चावी पुढं केलीस. माझ्याकडं बघितलं नाहीस. राग आलेल्या माणसानं निदान चावी तरी खिशात तपासून निघावं.

पाच दिवसांनी आठवडी बाजार होता. तू वडवणीला आली होतीस. स्टँडवरच्या बाकावर बसलीस ती उठली नाहीस. शेजारच्या बाईला वाटलं, डुलकी लागली. मी शाळेत होतो, चालत दहा मिनिटांवर. नंतर आशू म्हणाली, महिनाभर छातीत दुखत होतं आणि तू म्हणत होतीस, आशिडिटी हाय. अक्का, कारखान्याच्या मॅनेजरला शेवटच्या ओळीवर पकडणारी तू, स्वतःच्या छातीतलं तुला वाचता आलं नाही का? मला याचा राग येतो. रडू येण्याआधी राग येतो आणि मग रडू यायचं राहूनच जातं. बायको म्हणते, ऑफिसात जा, इथं भांडी आपटू नका.

तुझी पिशवी माझ्याकडं दिली. मेथीची जुडी, बांगड्यांचं एक पुडकं, आणि अर्धा किलो गोडीशेव. गोडीशेव तू खात नाहीस. दात नाहीत म्हणून सोडलीस त्याला चार वर्षं झाली. आशू खात नाही. खातो मी.

तू माझ्याकडं येत होतीस का? का माझ्या घरावरून जाताना दाराला अडकवून, न बोलता निघून जाणार होतीस? दोन्ही तुला शोभलं असतं. मी ती पिशवी हातात घेऊन स्टँडवर उभा होतो, आणि लोक म्हणत होते, मास्तर, बसा.

मतदान तुझ्या नवव्या दिवशी होतं. फोनवरच होतं. पाहुणे जेवून गेले होते. आशू न्हाणीच्या भिंतीला टेकून उभी होती. म्हणाली, "मामा, काय करू?"

मला तेव्हा सांगता आलं असतं, आईचं ऐक. एवढंच म्हणायचं होतं. पण मला वाटलं, तू गेल्यावर आता घरात मीच शहाणा उरलोय. मी म्हणलं, हो म्हण. तिनं फोनवर बोट दाबलं. आवाजसुद्धा झाला नाही.

करार मंजूर झाला. पगार कापला. तीन आठवडे मी ताठ मानेनं फिरलो, तुझ्या फोटोसमोर उदबत्ती लावतानासुद्धा जरा ताठच. मग पत्र आलं, आशू दोन दिवस सुट्टीवर आली होती तेव्हाच. कंपनीनं शक्य तितका प्रयत्न केला होता. इंजिनं आली नव्हती. यादी तळापासून होती. आशूनं फोन माझ्या हातात दिला, आणि आत जाऊन कणगीमागचा कोयता काढला आणि परसातल्या बाभळीच्या फांद्या तोडत बसली. वैमानिकाचा हात तसा सराईत नव्हता. पण राग तुझाच होता.

मी म्हणलं, "आशू, माझं चुकलं."

"तुमी एकट्यानं थोडंच सही केली मामा," ती म्हणाली. "बोट माझं व्हतं."

हे माफ करणं होतं का नाही, मला कळलं नाही. अजून कळलं नाही.

आता पुढचं तुला ऐकायला आवडेल. त्यांच्या संघटनेची बैठक झाली, फोनवरच, सगळ्यांचे चेहरे चौकोनात. आशू शेडखाली बसली होती, मागं तुझ्या शेळीचं तोंड मधूनमधून यायचं. वरच्या यादीतले काही जण म्हणत होते, वाईट झालं, पण आता जे उरलेत त्यांनी आपलं सांभाळावं. आशू इतका वेळ ऐकत होती. मग म्हणाली, माझी आई ऊसतोड टोळीची मुकादम होती, दोन मिनिटं बोलते. आणि तिनं पातीचं सांगितलं. तेरा जोड्या, दोन-दोन सऱ्या, अकरा दिवस. शेवटी म्हणाली, यादीतल्या वरच्यांनी महिन्यातले उड्डाणाचे दोन-दोन दिवस सोडले, तर तळातलं कुणी घरी बसणार नाही. विमानं तेवढीच आहेत. पात वाटून घ्यायचीय.

एकानं विचारलं, हे कुठल्या देशात चालतं? आशू म्हणाली, बीड जिल्ह्यात.

दोन दिवसांनी मला फोन आला. त्यांच्या यादीतले वरून तिसरे कॅप्टन. मराठी, पुण्याकडचे, फार सभ्य. म्हणाले, "अश्विनीनं तुमचा नंबर दिला. मला ती पद्धत नीट समजून घ्यायचीय. आजारी माणसाची पात किती दिवस धरायची, याचा काही नियम होता का?"

मी म्हणलं, "तो उठेपर्यंत."

"आणि कुणी नकार दिला तर?"

मला माहीत नव्हतं, अक्का. एवढ्या वर्षांत मी तुला कधी विचारलंच नाही. माझं लक्ष तुझ्या व्याकरणाकडं असायचं. मी तुझ्या टोळीतल्या गंगूबाईंना, लिंबागणेशला असतात त्यांना, फोन लावला. त्या म्हणाल्या, "नकार? जेवायला त्याच्याच शेजारी बसायचं असतंय की." मी ते कॅप्टनना जसंच्या तसं सांगितलं. त्यांनी ते लिहून घेतलं. मग म्हणाले, "तुमच्या भगिनी कोणत्या संघटनेच्या पदाधिकारी होत्या?"

मी म्हणलं, नव्हत्या.

मागच्या आठवड्यात त्यांनी कंपनीला द्यायच्या पत्राचा मसुदा माझ्याकडं पाठवला. एकदा नजरेखालून घाला म्हणाले. मी प्रिंट काढली, या वेळी स्वतःच्या कागदावर. खुर्ची ओढली, चष्मा पुसला, आणि शेवटचं पान वर घेतलं.

सगळ्यात खाली सह्या करणाऱ्यांची नावं होती, यादीच्या क्रमानं. वरचा वर, तळाचा तळाला. त्यामुळं खालून वाचणाऱ्याला पहिलं नाव लागत होतं ते आपल्या आशूचं. मग तिच्यासारखीच घरी बसवलेली पोरं. मग जे घरी बसण्यातून कसेबसे सुटले ते. आणि असं चढत चढत, वरून तिसरा माणूस. वरून पहिल्या दोघांची नावं नव्हती. त्यांच्या शेजारी कोण जेवायला बसतं कोण जाणे.

नावांच्या वर शेवटचं वाक्य होतं. आम्ही आमचे दिवस सोडायला तयार आहोत, त्या बदल्यात कंपनीनं घरी बसवलेल्यांना शक्य असल्यास परत घ्यावं.

मी फोन लावला. म्हणलं, "साहेब, 'शक्य असल्यास' काढा."

"ते शिष्टाचार म्हणून असतं हो."

"असंल. पण आमच्या घरातलं माणूस म्हणायचं, प्रयत्न म्हणला की न्हाई समजायचं."

ते हसले. काढलं. पत्र गेलं. आज आठ दिवस झाले, उत्तर नाही. आशू दर तासाला फोन बघते आणि मला सांगते, बघत नाही. मी विश्वास ठेवल्यासारखं करतो. कंपनीनं नाही म्हणलं तर पुढं काय, हे तिलाही माहीत नाही, मलाही नाही. तुला माहीत असतं असं मला वाटतं, आणि म्हणून पुन्हा चिडचिड होते.

गोडीशेव डब्यात आहे. मऊ पडलीय. रोज थोडी खातो.

हे सगळं कुणाकडून तरी वाचून घेशील तेव्हा तू त्याला खालून सुरुवात करायला लावशील, हे मला माहीत आहे. म्हणून त्या दुपारी सुपापाशी बोलायचं राहिलं, ते इथं, सगळ्यात खाली लिहितो.

अक्का, तुला कळत होतं.